पायाला भिंगरी लागलेलं पोर घेऊन मुंबई फिरताना

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली की नाशिक, सांगली, अकोल्याकडून पाहुणे मुंबईत यायला लागतात, आणि बहुतेक घोळक्यात दीड ते तीन वर्षांचं एखादं पोर असतंच. गावी ते अंगणात, गच्चीवर, गल्लीत दिवसभर मोकळं हुंदडत असतं. दादरला उतरल्यावरही ते तसंच धावायला बघतं, आणि इथे हाताच्या अंतरावरून बेस्टची बस जात असते. आम्ही दादरकर दर सुट्टीत अशी पाहुणेमंडळी फिरवतो. लहान मुलाला घेऊन तुम्ही पहिल्यांदाच मुंबईत चालणार असाल, तर कुठे काय सांभाळायचं ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट मात्र आधी मनाशी पक्की करा. दोन वर्षांच्या मुलाला ‘थांब’ म्हटलेलं कळतं, पण समोर कबुतरांचा थवा उतरलेला असताना त्याला थांबता येत नाही. स्वतःला आवरण्याची शक्ती त्या वयात तयारच झालेली नसते. हा वळणाचा किंवा संस्कारांचा प्रश्न नाही. ‘आमचा सोन्या सांगितलं की ऐकतो’ या भरवशावर इथल्या रस्त्यावर पाऊल टाकू नका. सगळा बंदोबस्त मोठ्यांनीच करायचा आहे.

घरून निघण्याआधी

आठ-दहा दिवस आधीपासून घरात स्टॅच्यूचा खेळ सुरू करा. मूल धावत असताना ‘स्टॅच्यू!’ म्हणायचं, ते थबकलं की कौतुक करायचं, लगेच पुन्हा पळू द्यायचं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हा खेळ फार आवडतो. रस्त्यात ‘अरे अरे, थांब, पळू नकोस’ एवढं लांबलचक ओरडण्यापेक्षा सवयीचा एक शब्द लवकर कानात शिरतो. हा फक्त जोडीला उपाय आहे. मुख्य भरवसा तुमच्या हातावरच.

मोबाइल नंबर मुलाच्या अंगावर असू द्या. हातावर पेनाने लिहिलेला नंबर मुंबईच्या घामात दुपारपर्यंत पुसला जातो. त्यापेक्षा कापडी पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ती शर्टाच्या किंवा फ्रॉकच्या आतल्या बाजूला दोन टाके घालून शिवा. नंबर दोन लिहा, आणि दोन्ही मुंबईत सोबत असणाऱ्या माणसांचे लिहा. गावी राहिलेल्या आजोबांचा नंबर अशा वेळी कामाचा नाही. मुलाचं नाव बाहेरून दिसेल असं कुठेही नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल बिनधास्त जवळ जातं.

रोज सकाळी निघताना मुलाचा डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो काढा. ऐन वेळी ‘कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता?’ असं विचारलं तर आईलाही आठवत नाही, असं होतं. कपडे भडक रंगाचे घाला, पिवळे, केशरी किंवा पोपटी, म्हणजे गर्दीत मूल नजरेला पटकन सापडतं. सोन्याची चेन आणि चांदीचे वाळे घरी ठेवा. चपला मागे पट्टा असलेल्या हव्यात. पीं-पीं वाजणारे बूट बागेत उपयोगी पडतात, पण स्टेशनच्या गोंगाटात तो आवाज चार पावलांवरही ऐकू येत नाही. मऊ फोमचे क्लॉग घातले असतील तर सरकत्या जिन्यावर मुलाला उचलूनच घ्या, कारण त्यांची मऊ कड पायरीच्या फटीत ओढली जाऊ शकते.

आत्ता कोणाकडे आहे?

मुलं हरवायची खरी भीती सोबत एकच माणूस असतो तेव्हा कमी आणि पाच-सहा असतात तेव्हा जास्त. आईला वाटतं ते आत्याकडे आहे, आत्याला वाटतं आजीने धरलंय, आणि आजी पर्समधून सुटे पैसे काढत असते. म्हणून सरळ ड्युटी लावा. एका वेळी एकाच माणसाकडे मूल, आणि ते मोठ्याने बोलून सोपवायचं: ‘काका, आता हा तुमच्याकडे.’ काकांनीही ‘हो, माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. ज्याची ड्युटी आहे त्याच्या हातात पिशवी नको, मोबाइल नको, फोटो काढायचं काम तर नकोच. अर्ध्या-पाऊण तासाने माणूस बदला, कारण धावऱ्या पोरामागे त्याहून जास्त वेळ कोणाचं लक्ष टिकत नाही.

आजी-आजोबांना वाईट वाटेल म्हणून त्यांच्याकडे चालत्या रस्त्यावर मूल देऊ नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन वर्षांच्या पोरामागे धावता येत नाही, मग जीव कितीही लावलेला असो. ‘आबा, आपण बागेत बसलो की याला तुम्हीच सांभाळा’ असं आधीच सांगितलं तर त्यांचाही मान राहतो.

टॅक्सीचे पैसे देताना, तिकिटाच्या रांगेत, हॉटेलात टेबल मिळाल्यावर आणि घोळक्याचा फोटो काढताना लक्ष हमखास सुटतं. गेटवेसमोर सगळे जण कॅमेऱ्याकडे बघतात आणि कबुतरांमागे निघालेल्या मुलाकडे कोणीच बघत नसतं. फोटोत मूल कोणाच्या तरी कडेवरच हवं.

आधी पळायची जागा, मग बघायची जागा

बाहेरगावच्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा उलटा असतो: सकाळी म्युझियम, दुपारी बाजार, संध्याकाळी ‘मग पळू दे त्याला चौपाटीवर’. तोवर पोर कावलेलं असतं, हात झटकून पळतं, रस्त्यातच लोळण घेतं. क्रम बदलून बघा. सकाळी तासभर पोटभर पळालेलं मूल पुढचे दोन तास कडेवर किंवा गाडीत निमूट बसतं. माझ्या मते मुंबई फिरण्याच्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत कामाची आहे.

दादरला उतरला असाल तर शिवाजी पार्क आहेच. फक्त मैदानाच्या मध्ये जाऊ नका. तिथे एकाच वेळी क्रिकेटचे कित्येक डाव चालतात आणि सीझन बॉल कुठूनही येतो. कडेने, झाडांखाली किंवा मुलांच्या खेळण्यांपाशी राहा. मैदानाभोवतीच्या बसक्या कट्ट्याबाहेर लगेच रस्ता आहे आणि कट्ट्यात ठिकठिकाणी वाटा मोकळ्या आहेत, त्यामुळे ड्युटीवरच्या माणसाने मूल आणि रस्ता यांच्या मध्ये उभं राहायचं. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लहान मुलांसाठी मला सर्वांत निर्धास्त वाटते. कुंपण आहे, फाटकावर माणसं आहेत, आत गाड्या नाहीत, १८६१ पासूनची जुनी सावली देणारी झाडं आहेत, आणि पेंग्विनच्या काचेपाशी पोर आपोआप थबकतं. बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.

फोर्ट भागात असाल तर एशियाटिक लायब्ररीसमोरची हॉर्निमन सर्कलची बाग गाठा. लोखंडी कुंपणाची, गोल, छोटी आणि गर्द सावलीची आहे. एक मोठा माणूस फाटकापाशी बसला की काम झालं. मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट बघून मुलं खूश होतात, पण बागेबाहेर वळणाचा उताराचा रस्ता आहे. बाहेर पडताना फाटकाच्या आतच उचलून घ्या.

क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, मंगलदास मार्केट इथे चालणारं मूल नेऊच नये. डोक्यावर ओझं घेतलेल्या हमालाला पायाखालचं पोर दिसत नाही, आणि भरलेली हातगाडी पटकन थांबवता येत नाही. खरेदी करायचीच असेल तर एकाने मुलाला घेऊन मागे राहावं.

हात धरावा, कडेवर घ्यावं, की पट्टा बांधावा?

हात धरताना नुसती बोटं धरू नका, पोर झटका देऊन सोडवून घेतं. पंजा आणि मनगट दोन्ही तुमच्या मुठीत येतील असं धरा. पण ते पळालं म्हणून एका हाताने हिसका मारू नका, एका हाताला धरून उचलू नका, आणि आई-बाबांनी दोन हात धरून ‘एक, दोन, तीन’ म्हणत डबक्यावरून झोका तर मुळीच देऊ नका. एक ते चार वर्षांच्या मुलांचं कोपराचं हाड अशा ओढीने जागेवरून सरकतं. मूल हात लुळा सोडून रडतं आणि तो हात वापरतच नाही. असं झालं तर चोळत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. ते क्षणात बसवतात.

पदर किंवा ओढणी धरायला देणं हा आपल्याकडचा जुना प्रकार इथल्या गर्दीत चालत नाही. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर त्याला फक्त गुडघे आणि पिशव्या दिसतात. हातातला पदर सुटला की ते शेजारचा तसाच दिसणारा पदर धरतं आणि त्या बाईंमागे निघतं.

पाठीवरच्या छोट्या बॅगेला दोरी जोडलेला पट्टा मिळतो, त्याबद्दल घरोघरी वाद होतात. ‘पोराला काय कुत्र्यासारखं बांधलंय’ असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू द्या. मूल ज्याच्या हातातून सतत निसटतं त्याने पट्टा खुशाल वापरावा. त्याचा पट्टा छातीवरून गेलेला हवा, मनगटाला बांधायचा नको, आणि दोरीचं टोक हातात गुंडाळून धरून अंतर दीड-दोन पावलांहून वाढू द्यायचं नाही. लोकलमध्ये, सरकत्या जिन्यावर आणि घसरगुंडीवर मात्र तो काढूनच ठेवायचा, कारण दोरी अडकली तर मूल ओढलं जाईल.

बाबागाडी मॉलमध्ये आणि मरीन ड्राइव्हवर चालते. इतर फूटपाथवर उखडलेले पेव्हर ब्लॉक, मध्येच लावलेले खांब आणि उंच कडा आहेत, तिथे ती उचलतच न्यावी लागते. छातीशी बांधायचा कॅरियर त्याहून उपयोगी, आणि त्यात मूल झोपलं तरी दोन्ही हात मोकळे राहतात.

फूटपाथ आणि रस्ता

मूल नेहमी भिंतीच्या बाजूला आणि तुम्ही रस्त्याच्या बाजूला, हा नियम. पण भिंतीच्या बाजूलाही सोसायट्यांची फाटकं असतात. गाडी फाटकातून बाहेर पडताना ड्रायव्हरची नजर रस्त्यावरच्या वाहनांवर असते, आणि दोन-अडीच वर्षांचं मूल असतं जेमतेम ८५-९० सेंटीमीटर उंच. मोठ्या गाडीच्या बॉनेटपुढे ते दिसतच नाही. प्रत्येक फाटकापाशी दोन क्षण थांबा, वॉचमन हात दाखवतोय का बघा, मग पुढे व्हा.

वडापावच्या गाडीवरची उकळत्या तेलाची कढई आणि कणीसवाल्याची निखाऱ्यांची शेगडी या दोन्ही फूटपाथच्या कडेला, मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर असतात. कणीसवाला पंख्याने वारा घालतो तेव्हा ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्या बघायलाच पोर पुढे सरकतं. एकाने खायला घ्यावं आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन दहा पावलं लांब उभं राहावं.

रस्ता ओलांडताना मूल उचलून घ्या, मग सिग्नल असो वा नसो. पायी चालणाऱ्यांचा सिग्नल हिरवा असतानाही डावीकडे वळणाऱ्या गाड्या येत राहतात, आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी ही रोजची गोष्ट आहे. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघा. उभ्या टेम्पोच्या किंवा दोन गाड्यांच्या फटीतून कधीच रस्त्यावर उतरू नका. चर्चगेट आणि सीएसएमटी इथे भुयारी मार्ग आहेत, थोडं जास्त चालावं लागलं तरी तेच वापरा.

टॅक्सीतून कायम डाव्या दाराने उतरा. आधी मोठा माणूस, मग त्याच्या हातात मूल. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे उपनगरांतच मिळते. तिच्या बाजू उघड्या असतात, तेव्हा मूल दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. आणि पावसाळ्यात आला असाल तर साचलेल्या पाण्यातून मुलाला चालवू नका, पाण्याखाली उघडं गटार आहे की खड्डा, हे कोणालाच दिसत नाही.

लोकल

स्टेशनची पहिली पायरी चढल्यापासून बाहेरची शेवटची पायरी उतरेपर्यंत मूल कडेवर किंवा कॅरियरमध्ये. याला अपवाद करू नका, प्लॅटफॉर्म रिकामा दिसला तरीही.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुलाला घेऊन लोकलकडे फिरकू नका. त्यातल्या त्यात सकाळी चर्चगेट-सीएसएमटीकडे आणि संध्याकाळी विरार-कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या टाळाच. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, असेल तर गाड्या कमी आणि गर्दी जास्त, म्हणून आदल्या दिवशी बातमी बघून ठेवा. एसी लोकलची दारं बंद होतात, तिकीट महाग असलं तरी लहान मुलासाठी ते पैसे वसूल आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही.

गाडी पकडायला धावू नका, पुढची येतेच. गाडी आणि फलाट यांच्या मधल्या फटीत लहान मुलाचा पाय सहज जातो, म्हणून चढताना-उतरताना त्याला हाताला धरून उडी मारायला लावू नका. साध्या लोकलमध्ये दारापाशी हवा खात उभं राहणं मुलासोबत अजिबात नको, आत जा. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनवर उठून तयार राहा.

अर्धी मंडळी चढली, अर्धी खाली राहिली, असं इथल्या लोकांचंही होतं. त्यासाठी चढण्याआधीच ठरवा: जो गाडीत आहे त्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच उभं राहायचं, आणि खाली राहिलेल्याने त्याच प्रकारची पुढची गाडी पकडायची. त्याच प्रकारची हे महत्त्वाचं. पश्चिम रेल्वेवर दादरहून उत्तरेकडे निघालेल्या स्लो गाडीचा पुढचा थांबा माटुंगा रोड, तर फास्टचा थेट वांद्रे. चालत्या गाडीतून उडी मारायची नाही आणि मूल खिडकीतून देणं-घेणं करायचं नाही.

पुलावर कधीही रेंगाळू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. अचानक पाऊस आला, लोक आडोशाला जिन्यावर थांबले आणि गाड्यांतून उतरणारी गर्दी वर येत राहिली. जिन्यावर माणसं साचलेली दिसली की मुलाला घेऊन फलाटावरच थांबा, बाकावर बसा, दोन-तीन गाड्यांची गर्दी निघून जाऊ द्या.

समुद्र

मरीन ड्राइव्हच्या एका बाजूला वेगाने धावणाऱ्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला पाणी. कठडा बसायला म्हणून बुटका आहे, म्हणजे तो दोन वर्षांच्या पोराला चढायलाही बुटकाच. पलीकडे लाटा अडवणारे सिमेंटचे चौपायी ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड आहेत, त्यांच्यावर शेवाळ आणि मधल्या फटी खोल. कठड्यावर मुलाला उभं करून फोटो काढू नका, मांडीवर घेऊनही पाय समुद्राकडे सोडून बसू नका. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळी लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, तेव्हा तिथे जाऊच नका. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात.

गिरगाव किंवा जुहूच्या वाळूत चपला काढू नका, काचा आणि खिळे असतात. पावसाळ्यात जेलीफिश किनाऱ्याला लागतात. निळा, फुग्यासारखा दिसणारा जीव वाळूत पडलेला दिसला की मूल उचलायला जातं, आणि तो मेलेला असला तरी डसतो. पाण्यात जायचंच असेल तर मुलाच्या घोट्यापर्यंत आणि हात धरून. मालाडकडचा अक्सा किनारा पाण्याच्या ओढीसाठी कुप्रसिद्ध आहे, तिथे लांबूनच बघा.

घारापुरीला जाणार असाल तर बोटीत बसण्याआधी मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी बोटीला अपघात झाला होता, तेव्हा संकोच करू नका, मापाचं जॅकेट नसेल तर दुसरी बोट बघा. धक्क्याच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात. वर लेण्यांपाशी माकडं आहेत, मुलाच्या हातात वेफर्सचं पाकीट देऊ नका. सोमवारी लेणी बंद असतात.

ऊन

इथे घाम सुकत नाही, त्यामुळे तापमान कमी दिसलं तरी मूल लवकर थकतं. अकरा ते चार आत राहा. अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, मध्ये ताक किंवा शहाळं. पाच-सहा तास लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, किंवा धावरं पोर अचानक मलूल झालं, तर फिरणं बंद करून डॉक्टर गाठा.

नजरेआड झालं तर

सगळ्यांनी चारी दिशांना पांगू नका. एक माणूस जिथे मूल शेवटचं दिसलं तिथेच उभा राहील. बाकीच्यांनी आधी धोक्याकडे धावायचं: पाणी, रस्ता, रूळ. फुगेवाला आणि खेळण्यांचं दुकान नंतर.

लाजू नका, मोठ्याने ओरडा, आणि नावापेक्षा वर्णन ओरडा: ‘दोन वर्षांचा मुलगा, पिवळा शर्ट, निळी चड्डी!’ हिंदीतही सांगा. मुंबईची माणसं एरवी घाईत असली तरी हरवलेल्या पोरासाठी थांबतात. भेळवाला, वॉचमन, टॅक्सीवाला यांना सकाळचा फोटो दाखवा, त्यांची नजर त्या जागेवर रोजची असते. स्टेशनवर असाल तर स्टेशन मास्तरांच्या ऑफिसातून घोषणा करायला लावा, रेल्वे पोलिसांना गाठा, १३९ वर फोन करा. इतर कुठेही ११२. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते.

‘चोवीस तास वाट बघा, मग तक्रार घेऊ’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिले आहेत. हद्द कोणाची हा वाद पोलिसांनी नंतर सोडवायचा, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते.

मूल सापडलं की आधी जवळ घ्या. भीती ओसरताना मोठ्यांचा हात उगारला जातो, तो आवरा, कारण सापडल्यावर मार मिळतो हे त्याने ध्यानात ठेवलं तर पुढच्या वेळी हाकेला ओ देणार नाही. अंगावर कुठे लागलंय का ते पाहा, पाणी पाजा. मग शोधायला गेलेल्या प्रत्येकाला आणि जिथे जिथे फोन केला होता तिथे परत फोन करून मूल सापडल्याचं कळवा.